कठडा दिसतो, पाया दिसत नाही

२८ जुलै २०२२ रोजी मध्यरात्र उलटल्यावर कुठ्ठाळीजवळ जुआरी पुलाचा कठडा तोडून एक मोटार नदीत कोसळली आणि आतील चौघांचा अंत झाला. त्याआधी दहाच दिवस, १८ जुलैला, इंदूरहून अमळनेरकडे निघालेली महाराष्ट्र एस. टी.ची बस खलघाट येथे नर्मदेवरील पुलाचा कठडा मोडून पाण्यात गेली होती. त्यात किमान १२ जण दगावले. आणखी चार वर्षे मागे गेल्यास २८ जुलै २०१८ चा आंबेनळी घाट आठवतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कर्मचारी महाबळेश्वरच्या सहलीला निघाले होते. त्यांची बस दरीत गेली आणि सुमारे तीस घरांवर एकाच दिवशी दुःखाचा डोंगर कोसळला. तिन्ही घटना जुलैमधल्या, ऐन पावसाळ्यातल्या. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु पावसाचा आणि कठड्याचा संबंध केवळ निसरड्या रस्त्यापुरता नाही, हे पुढे आम्ही सांगणारच आहोत.

ह्या तिन्ही ठिकाणी दोष कोणाचा होता, ह्याचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. आम्हाला बोलायचे आहे ते अशा दुर्घटनांनंतर आपल्याकडे जी चर्चा होते तिच्याबद्दल. चालकाचा वेग, रात्रीची वेळ, ब्रेकची अवस्था ह्यांवर दोन दिवस बोलले जाते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी कठड्याकडे बोट दाखवतो. मग पंधरवड्यात तेथे नवा, चकचकीत, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा कठडा उभा राहतो आणि पुढारी त्याची पाहणी करून समाधान व्यक्त करतात. बैल गेला नि झोपा केला, असे लोक म्हणतात. झोपा उशिरा झाला ह्याचे आम्हाला वाईट वाटतेच. पण ज्या खुंटांवर तो उभा आहे ते जमिनीत किती खोल गेले आहेत, हे पाहणीला आलेल्यांपैकी एकानेही विचारू नये, ह्याचे अधिक वाईट वाटते.

कठड्याचे काम काय, हे प्रथम स्पष्ट करून घेतले पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनात जी गतिज ऊर्जा असते, ती तेच वाहन १४ मीटर उंचीवरून खाली सोडल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून ढकलून देण्यासारखेच हे झाले. सुदैवाने वाहन कठड्यावर सहसा काटकोनात येत नाही, तिरके येते. २० अंशांचा कोन धरला तर ह्या ऊर्जेचा सुमारे आठवा हिस्सा कठड्याच्या दिशेने जातो. बाकीची ऊर्जा रस्त्याच्या दिशेने राहते, आणि चांगला कठडा वाहनाला थोपवण्यापेक्षा त्याच दिशेने वळवून लावतो. भारतीय रस्ते काँग्रेसची पुलांवरील भारांविषयीची संहिता हाच २० अंशांचा कोन धरते. सामान्य संरक्षक कठडा दीड टनाच्या, ताशी ११० किलोमीटर वेगाच्या मोटारीसाठी असावा, असे ती सांगते. धोक्याच्या जागी, गजबजलेल्या रेल्वेमार्गावरच्या पुलांसारख्या ठिकाणी, तो ३० टनांच्या आणि ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनासाठी असावा, असेही सांगते. दोहोंचा हिशेब ज्याने त्याने कागदावर करून पाहावा. पहिल्या प्रकारात कठड्यावर येणारी ऊर्जा सुमारे ८२ हजार ज्यूल होते. दुसऱ्यात ४ लाख ८७ हजार. वेग जवळजवळ निम्मा असूनही जवळपास सहापट. अवजड वाहन म्हणजे मोठ्या आकाराची मोटार, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तीच संहिता पादचाऱ्यांच्या कठड्यासाठी दर मीटरला अवघ्या दीडशे किलोच्या आडव्या दाबाची अपेक्षा ठेवते. माणसे गर्दी करून रेलली तर तो तुटू नये, एवढेच त्याचे प्रयोजन. दोन्ही कठडे दुरून सारखेच दिसतात, दोहोंना रंग एकच लावलेला असतो, आणि पुलावरून जाणारा प्रवासी दोहोंवर सारखाच विश्वास टाकतो.

ही ऊर्जा जाते कोठे? थोडी वाहनाचा पत्रा चेपण्यात, थोडी कठडा वाकण्यात, आणि उरलेला सारा धक्का कठड्यातून खाली, जेथे तो रोवला आहे तेथे. कठडा जितका मागे सरकेल तितका धक्का सौम्य होतो. ३० टनांचे वाहन वरील हिशेबाने एक मीटरच्या अंतरात थोपवायचे तर सरासरी सुमारे ५० टनांचा जोर लागेल. दोन मीटर अंतर मिळाले तर तो निम्म्यावर येईल. पुलावर मागे सरकायला जागा नसते, मागे नदी असते. म्हणून तेथे काँक्रीटचा ताठ कठडा बांधावा लागतो. रस्त्याच्या कडेला जागा असेल तर लोखंडी पट्टीचा, वाकणारा कठडा चालतो. कठड्याचे हे दोन स्वभाव आहेत, आणि त्यांचे पायेही भिन्न आहेत.

पुलावरील काँक्रीटच्या कठड्याला स्वतंत्र पाया असा नसतो. पुलाची फळी, म्हणजे स्लॅब, हाच त्याचा पाया. फळीतून उभ्या सळ्या वर काढलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती नंतर कठडा ओतला जातो. वाहन वर आदळले की रस्त्याकडच्या अंगाच्या सळ्यांना ताण बसतो. त्या सळ्या फळीत पुरेशा खोल जाऊन वळवलेल्या नसतील, किंवा कठडा ज्या कडेवर उभा आहे ती फळीची कड हा ताण पेलण्याइतकी जाड नसेल, तर कठडा मोडत नाही, उखडून जातो. म्हणून जाणता अभियंता उलट बाजूने विचार करतो. मोडायचेच असेल तर आधी कठडा मोडावा, फळी नव्हे, अशा रीतीने तो सळ्यांचे प्रमाण बसवतो. कठडा चार दिवसांत पुन्हा ओतता येतो, पुलाची कड तुटली तर वाहतूक बंद ठेवावी लागते.

किनाऱ्यावरच्या प्रदेशाला येथे आणखी एक शत्रू आहे. फळी आणि कठडा दोन वेगवेगळ्या दिवशी ओतले जातात, त्यामुळे त्यांच्यामध्ये एक सांधा राहतो. पुलावरचे पाणी ह्या सांध्याशी साचते. खाऱ्या हवेतले क्षार त्याच्याबरोबर आत जातात आणि ज्या सळ्यांवर सगळा भरवसा, त्यांनाच गंज नेमका ह्या रेषेवर धरतो. वरून गिलावा गुळगुळीत असतो. आतल्या पोलादाचा गंज काय करू शकतो, हे गोमंतकाला शिकवण्याची गरज नाही. मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो आजही येथे कोणी विसरलेला नाही. कठड्याच्या मुळाशी चाललेला गंज त्याच जातीचा आहे. फरक इतकाच, की पूल स्वतःच्या भाराने पडतो, आणि कठडा मात्र कोणीतरी त्याच्यावर जाऊन आदळेपर्यंत उभाच राहतो. त्याची परीक्षा एकदाच होते.

रस्त्याच्या कडेचा लोखंडी कठडा पाहू. दुहेरी वळीची तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, दोन-दोन मीटरवर खांब, पट्टीची वरची कड रस्त्यापासून ७० सेंटिमीटरवर आणि खांब जमिनीत १ मीटर १० सेंटिमीटर, असे त्याचे आपल्याकडचे रूढ माप आहे. म्हणजे खांबाचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. तो का, हे समजण्यासाठी मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. खांब आडवा ढकलला की त्याच्या मागची माती त्याला अडवते. ही माती जितकी खोल तितकी दाबलेली, आणि जितकी दाबलेली तितकी हट्टी. वाळूसारख्या सुट्या मातीत रोवलेल्या आखूड खांबाचा हिशेब ब्रॉम्स ह्या तज्ज्ञाने १९६४ मध्ये मांडला आणि तो आजही वापरात आहे. त्या हिशेबाने आम्ही वरील मापांवर आकडेमोड करून पाहिली. खांब सांगितल्याच्या निम्म्याच खोलीला रोवला तर त्याची ताकद निम्मी होत नाही, ती पाचव्या हिश्शाहून कमी उरते. अर्ध्या मीटरची खोदाई वाचवणाऱ्याने कठड्याचा चार-पंचमांश चोरला, असा ह्याचा अर्थ. वरून मात्र खांब तेवढाच उंच, पट्टी तेवढीच लांब, आणि देयकातले रनिंग मीटरही तेवढेच. देखल्या देवा दंडवत म्हणतात ते असे.

खोली पुरेशी असूनही भागत नाही. खांबामागे माती तर हवी! आपल्या घाटांत आणि भरावावरच्या रस्त्यांत जागेची इतकी ओढाताण असते, की कठड्याचे खांब अगदी भरावाच्या कडेवर, जेथून उतार सुरू होतो तेथेच रोवले जातात. उताराकडे माती कमी, म्हणून आधारही कमी. अमेरिकन प्रघात खांबामागे निदान दोन फूट सपाट जमीन ठेवण्याचा आहे. ती नसेल तर खांब लांब करून अधिक खोल घालतात. अनमोडच्या, चोर्ल्याच्या वा करमल घाटाच्या वळणावर उभे राहून खांबामागे किती जमीन आहे हे वाचकांनी स्वतः पाहावे. त्याला उपकरण लागत नाही.

येथे पावसाचा संबंध येतो. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भरावाची माती पाण्याने तुडुंब भरली की तिच्या कणांमधला दाब कमी होतो, आणि खांबाला अडवण्याची तिची शक्तीही त्याबरोबर घटते. उताराची कड धुऊन जाते ती निराळीच. जानेवारीत ठोकलेला खांब हलवून पाहिला तर खडकासारखा वाटतो. त्याच खांबाला जुलैमध्ये कोण विचारतो? आपला जांभा दगडही फसवा आहे. उघड्यावर तो वाळून कठीण होतो, म्हणून तर त्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. परंतु त्या कठीण थराखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, पांढुरकी चिकणमाती असते. खोदणाऱ्याला वर कठीण लागले की तो तेथेच थांबतो, राहिलेला खांब कापून टाकतो आणि भोवती काँक्रीटचा गोळा थापतो. खडकात खांब बसवायचा तर खडक छिद्रून योग्य मापाने बसवण्याची रीत आहे. हा गोळा ती रीत नव्हे. उलट, वाकणाऱ्या कठड्याचा खांब मातीत थोडा झुकून ऊर्जा खाणार, असे गृहीत धरलेले असते. त्याच्या गळ्याशी ताठ काँक्रीटचा पट्टा आवळला की तो झुकण्याऐवजी जमिनीलगत मोडण्याचा संभव वाढतो. काँक्रीट दिसले की काम मजबूत, हा समज सामान्य माणसाला शोभतो, खात्याला शोभत नाही.

अलीकडच्या उड्डाणपुलांच्या आणि मोठ्या पुलांच्या जोडरस्त्यांनी हा प्रश्न अधिक अवघड केला आहे. काँक्रीटच्या पातळ फळ्यांची उभी भिंत, तिच्या मागे पट्ट्यांनी बांधलेला मातीचा भराव, आणि भिंतीच्या अगदी माथ्यावर कठडा, अशी ही रचना असते. तेथे कठड्याचा धक्का खालच्या फळ्यांवर गेला तर भिंतच बाहेर पडेल. म्हणून कठडा आणि त्याला जोडून रस्त्याखाली आत गेलेली साडेचार-पाच फुटांची आडवी फळी हे एकसंध ओततात. इंग्रजी ‘एल’ अक्षर आडवे-उभे धरावे तसा त्याचा आकार. ह्या आडव्या फळीचे स्वतःचे वजन, तिच्यावरचा रस्ता, आणि तिच्या बुडाशी होणारे घर्षण, एवढ्यावर सारा कठडा उभा असतो. ह्या रचनेवर अमेरिकेत प्रत्यक्ष ट्रक आदळवून अभ्यास झाला आणि २०१० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. ट्रकच्या आघाताचा क्षणिक जोर तेथील संहिता सुमारे २४ टन धरते. पण ह्या आडव्या फळीच्या स्थैर्याचा हिशेब सुमारे साडेचार टनांच्या स्थिर जोरावर करता येतो. ही हातचलाखी नव्हे. आघात सेकंदाच्या लहानशा अंशात होऊन जातो आणि तेवढ्या वेळात फळीचे अवजड वस्तुमान जागचे हलत नाही. उखळ जड का असावे, हे आपल्या आजीला ठाऊक होते.

मात्र ही सवलत मिळते ती कठडा लांब आणि सलग असेल तरच. तुकडे एकमेकांना सळ्यांनी जोडलेले असतील तर एका ठिकाणचा धक्का शेजारचे तुकडेही वाटून घेतात. सांध्यापाशी आणि टोकाला मात्र वाटून घ्यायला कोणी नसते, म्हणून आपली संहितादेखील टोकाच्या भागाकडून मधल्या भागापेक्षा अधिक ताकद मागते. आणि सर्वांत नाजूक जागा म्हणजे जेथे रस्त्यावरचा लोखंडी कठडा संपून पुलावरचा काँक्रीटचा सुरू होतो ती. मऊ कठडा मागे झुकतो, वाहन त्याच्या कुशीत शिरते आणि काँक्रीटच्या टोकावर समोरासमोर आदळते. तसे होऊ नये म्हणून पुलाजवळ खांब अधिक जवळजवळ घालून लोखंडी कठडा हळूहळू ताठ करत नेतात आणि काँक्रीटला घट्ट जोडतात. आपल्याकडे दोहोंमध्ये हातभर मोकळी जागा सोडलेली आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. एक ठेका तेथे संपतो आणि दुसरा सुरू होतो, ह्याखेरीज त्या जागेला दुसरे कारण दिसत नाही.

कठडे उंच करा, ही मागणी प्रत्येक अपघातानंतर होते आणि ती वावगी नाही. भरलेल्या ट्रकचा किंवा बसचा गुरुत्वमध्य मोटारीच्या कितीतरी वर असतो. बुटक्या कठड्यावरून असे वाहन कलंडून पलीकडे जाऊ शकते. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात तसा कठडाही वर्षागणिक बुटका होत जातो, हे तर कोणाच्या गावीही नसते. पण उंची वाढली की धक्क्याचा हातही लांबतो, आणि मुळाशी येणारा ताण त्याच प्रमाणात वाढतो. जुन्या कठड्यावर आणखी एक पाइप वेल्ड करून उंची वाढवणे म्हणजे त्याच मुळावर अधिक ओझे टाकणे होय. शिवाय ओझी स्वतःही वाढली आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने तीन आसांच्या ट्रकची अनुज्ञेय एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. व्यापाराच्या दृष्टीने ते ठीक असेल. तेवढ्यासाठी जुन्या घाटांतल्या एखाद्या तरी कठड्याचा पाया पुन्हा तपासला गेला असेल, असे मानायला आमचे मन तयार होत नाही.

नव्या कल्पनांचे आम्हाला वावडे नाही. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये बांबूचा २०० मीटर लांबीचा कठडा उभारण्यात आला. त्याआधी इंदूरजवळच्या पिथमपूर येथील वाहनचाचणी केंद्रात त्याची परीक्षा झाली होती. उपक्रम स्तुत्य आहे. पोलाद असो की बांबू, चाचणीच्या जागेवरची जमीन आणि आपल्या घाटातली जमीन ह्या मात्र एक नव्हेत. चाचणीत उत्तीर्ण झालेला कठडा येथे बसवताना त्याचे प्रमाणपत्र बरोबर येते. ज्या मातीत तो उत्तीर्ण झाला ती माती येत नाही. ब्रिटनमध्ये ह्यावर साधा उपाय आहे. कठड्याच्या जागेवर चाचणीसाठी एक खांब ठोकतात, तो यंत्राने ओढून पाहतात, आणि पुरेसा जोर धरला नाही तर पाया बदलतात. ह्यासाठी परदेशी कर्ज वा तज्ज्ञांचे शिष्टमंडळ लागत नाही. एक जॅक, एक साखळी आणि जोर मोजणारा काटा पुरतो.

आमची मागणी एवढीच आहे, की कठड्याच्या निविदेत पाया ही स्वतंत्र बाब असावी आणि तिचे पैसे स्वतंत्र मोजमापावर मिळावेत. आज देयक मीटरवर काढले जाते, आणि मीटर जमिनीच्या वर मोजला जातो. सार्वजनिक बांधकाम खात्यातील प्रामाणिक कनिष्ठ अभियंत्याला खांबाची खोली नोंदवायची असली तरी मोजमाप पुस्तकात त्यासाठी रकाना लागतो, आणि खड्डा बुजण्यापूर्वी तेथे हजर राहण्यापुरता त्याचा दिवस मोकळा लागतो. एका अभियंत्याकडे चार तालुक्यांची कामे सोपवून त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवता येणार नाही. प्रत्येक कठड्यामागे काही खांब, खात्याने निवडलेले, ठेकेदाराने नव्हे, पावसाळ्यात ओढून पाहिले जावेत. ऑगस्टमध्ये, माती भिजलेली असताना. डिसेंबरच्या कोरड्या मातीतली चाचणी कोणालाही उत्तीर्ण करील.

पावसाळा सरला की घाटरस्त्यांची कामे पुन्हा सुरू होतात. खांबांचे खड्डे तेव्हा दोन-तीन दिवस उघडे असतात, नंतर ते कायमचे मिटतात. ज्या पंचायतींच्या हद्दीतून हे रस्ते जातात त्यांच्या सदस्यांनी त्या दोन-तीन दिवसांत मोजपट्टी घेऊन तेथे जावे. १ मीटर १० सेंटिमीटर, हा आकडा ध्यानात ठेवावा, आणि खड्डा त्याहून उथळ निघाला तर तो बुजवू देऊ नये.